कप्तानाचा उजवा हात

३ मार्च

ती. मामांस, शि. सा. न.

फोनवर तुम्ही पूर्ण ऐकून घेणार नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

१. बंदरावरच्या चौकातल्या कप्तानाच्या पुतळ्याचा उजवा हात रविवारी कोणीतरी मनगटातून करवतीने कापला.

२. हात चौथऱ्यावरच ठेवलेला सापडला. आता तो प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर आहे.

३. तो जोडता येईल का, एवढंच नगरपालिकेच्या समितीने मला विचारलंय. पुतळा ठेवायचा की हलवायचा, ते १९ तारखेला गुरुवारी ठरेल.

कापण्यामागचं कारण उघड आहे. कप्तानाने बेटं शोधली, आणि सोनं आणून न देणाऱ्यांची मनगटं तोडवली. हल्ली शाळेतली पोरंही हे शिकतात.

तुम्ही त्या हातासाठी स्वतःच्याच हाताचा साचा घेतला होता, हे समितीत कोणाला माहीत नाही. मी त्या कापलेल्या हातावर रुमाल टाकून ठेवलाय. तरी काम करताना नजर तिकडेच जाते.

तुमची भाची

७ मार्च

चि. फूटपट्टी हिस, अ. उ. आ.

पत्र कसलं, पंचनामाच पाठवलास. मामी म्हणते, ही पोर लग्नाचं आमंत्रणही मुद्दे पाडून देईल.

मला काही सुचत नाही. ओतशाळेत जातो, भट्टीपाशी उभा राहतो, तसाच परत येतो. काय हरवलंय, असं मामी दोनदा विचारून गेली.

पुतळा केला तेव्हा कप्तान धाडसी होता, एवढंच ऐकलं होतं. ऐटदार हात हवा म्हणाले, आणि फुकटात मिळणारा हात माझाच होता. चौकात उभं राहिलेलं माझं हे एकच काम. ते पुन्हा उभं करा म्हणायला जीभ रेटत नाही. काढा म्हणायलाही रेटत नाही.

तू असं लिही, की धातू ठिसूळ झालाय, सांधा धरणार नाही. पुतळा आपोआप हलेल, कोणाची मान खाली जाणार नाही. मामासाठी एवढी एक ओळ लिहायला तुझं काय जातं?

तुझा मामा

११ मार्च

ती. मामांस, शि. सा. न.

तुमची ओळ लिहून पाहिली आणि खोडली. धातू उत्तम आहे. कापलेल्या जागी धातूत हवेची एकही पोकळी नाही. इथले लोक मुद्दाम बघायला येतात आणि ओतकाम कोणाचं, असं विचारतात. त्याला ठिसूळ म्हणणं मला जमणार नाही. शिवाय ठिसूळ म्हणून काढला, तर उद्या आणखी मजबूत कप्तान उभा करतील.

हात जोडता येतो, असंच मी लिहीन. जोडावा का, हे पुतळा घडवणाऱ्यालाही, म्हणजे तुम्हालाही, समिती विचारणार आहे. माझं मत विचाराल तर पुतळा संग्रहालयात जावा आणि हात शेजारी सुटा ठेवावा. पण तुम्ही जोड म्हणालात आणि समितीने मानलं, तर मीच जोडेन. सांधा दिसणार नाही, इतकं काम मला येतं. म्हणूनच झोप नाही.

मामीला नमस्कार. रागावलात तरी माया पातळ होऊ देऊ नका. जोडू की नको, ते तुमच्या सहीने मंगळवारपर्यंत, १७ तारखेपर्यंत, कळवा.

तुमची भाची