हस्तिदंती मुठीचा वस्तरा

प्रिय गेनर,

तुझी मावसबहीण डोरीन परवा बाजारात भेटली. तू व्हिट्बीला समुद्राकाठी घर घेते आहेस, सोमवारी सह्या आहेत, असं तिनं माझ्या चेहऱ्यावर नजर ठेवून सांगितलं. मी ‘छान’ म्हणालो आणि नको असलेला कोबी घेऊन घरी आलो.

शेफिल्ड आहे तसंच आहे. आमचं वस्तरे जमवणाऱ्यांचं मंडळ अजून पबच्या माडीवर जमतं. जुन्या पात्यांवरचे शिक्के भिंगातून वाचत, कुठला कारखाना, कुठल्या राजाचा काळ, यावर भांडतं. निम्म्यांनी स्वतः दाढ्या राखल्यात. या खेपेला मी माझी वस्तऱ्यांची पेटी नेली होती. उघडली, तर सगळी पाती गंजानं खाल्लेली. स्टॅन्ली एकेक उचलत तुझ्या वस्तऱ्यापाशी थांबला. माझ्या पन्नाशीला तू दिलेला, पिवळसर मुठीचा. विकणाऱ्यानं हस्तिदंत म्हणून तुझ्या गळ्यात मारलेला. स्टॅन्लीनं मूठ अंगठ्यानं घासून हुंगली.

“अरे गाढवा, कापराचा वास येतोय. सेल्युलॉइड आहे हे, नकली हस्तिदंत. जुनं झालं की वाफ सोडतं, शेजारचं पोलाद खातं. एवढी वर्षं गोळा करतोयस, आणि हे कळलं नाही?”

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.

गेनर, तू वरचा कागद सोडत होतीस तेव्हाच मला तो वास आला होता. हस्तिदंताच्या रेघा अशा पट्टीनं आखल्यासारख्या नसतात, हेही दिसलं होतं. पण तू इतक्या आशेनं बघत होतीस, की जगाची खोट तोंडावर काढणारा मी, तेवढा गप्प बसलो. तो वेगळा ठेवावा, तर तू घरी आलीस की आधी पेटीच उघडायचीस. पुढे तू आईच्या आजारपणासाठी तिकडे गेलीस, तेव्हा तरी तो पेटीतून काढता आला असता. पण मग तू परत येणार नाहीस, असं मीच ठरवल्यासारखं झालं असतं.

पात्यांचं रडगाणं गायला हे लिहीत नाही. पाती पुन्हा मिळतील. ते घर घेऊ नकोस, एवढंच लिहायचं होतं. तू समोर असलीस की माझ्या तोंडून हे निघत नाही, भलतंच काहीतरी निघतं. सोमवारच्या आत इकडे ये, आणि आलीस की मला विनोद करू देऊ नकोस.

तुझाच,
नेव्हिल