डाळिंबाखालचे दोन बुधले

मी, तिबुर्सिओ आरेयानेस, वय एकोणऐंशी, धंदा घायपातापासून मेस्कालची दारू गाळणे, राहणार सान इसिद्रो येगोला, ओआहाका, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गेली एकतीस वर्षे दारूचा थेंब जिभेला लागलेला नाही, तेव्हा याबद्दल कोणी शंका घेऊ नये. गुडघे गेले, कान गेले, कंटाळा तेवढा उरला. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला घरात आहे कोण?

एक. घर व अंगण माझी एकुलती मुलगी ओब्दुलिया हिला. स्वयंपाकघराचे छप्पर गळते. ‘या उन्हाळ्यात करतो’ असे मी वीस उन्हाळे म्हणालो.

दोन. भट्टी, मातीच्या चार हंड्या आणि टेकडीवरची सगळी घायपात जावई नेमेसिओ याला. चूक झालेली नाही, हवे तर पुन्हा वाचा. त्याच्या घरचे लोक मेस्कालात उसाची दारू मिसळतात असे मी गावभर सांगितले. ते धादांत खोटे होते. हंड्या मातीच्याच ठेवाव्यात. धार भोपळ्याच्या वाटीत उंचावरून सोडावी आणि वर येणारे बुडबुड्यांचे मोती किती वेळ टिकतात ते पाहावे. मी एवढ्यावरच गाळत आलो. चव गिऱ्हाइकालाच माहीत.

तीन. मित्र वेन्सेस्लाओ साक्षीदार आहे, म्हणून त्याला काही देता येत नाही म्हणे. बरे झाले, द्यायचे नव्हतेच. दर आठवड्याला फुकट पितो आणि वर म्हणतो, “स्वतःच्या हातचं पीत नाहीस, म्हणजे नक्की काहीतरी कालवतोस लेका!”

चार. हे ओब्दुलियाने बसून वाचावे. आमच्याकडे मूल जन्मले की बाप मेस्कालचा एक बुधला अंगणात पुरतो. लग्नाच्या दिवशी तो वऱ्हाडासमोर उकरतो आणि पहिली वाटी जावयाच्या हातात देतो. तुझा मी डाळिंबाखाली पुरला होता. तू एकोणीस वर्षांची असताना तुझी आई पेत्रोना गेली. त्या पावसाळ्यात मी घरातले सगळे पिऊन संपवले, आणि एका दुपारी फावडे घेतले. नऊ दिवसांत तुझा बुधला रिकामा केला. मग विहिरीचे पाणी भरले, मेणाने तोंड बंद केले, परत पुरला. आठ महिन्यांनी तुझे लग्न ठरले.

लग्नाच्या सकाळी तू आलीस. “बाबा, फावडं आणू का? सगळे थांबलेत.”

“त्या भेसळखोरांसाठी माझ्या जमिनीतून काही निघणार नाही.”

“बाबा, आज तरी असं नका ना बोलू.”

“जा म्हटलं ना!”

तू गेलीस. मी लग्नाला आलो नाही. तुला वाटले, बापाला मुलगा पसंत नाही. पसंत होता गं. बुधल्यात पाणी आहे हे सांगायची लाज वाटली. त्यापेक्षा खाष्ट बाप होणे सोपे गेले. तेव्हापासून दर रविवारी तू जेवण घेऊन येतेस आणि नेमेसिओ फाटकाबाहेर थांबतो. मी त्याला कधी आत ये म्हणालो नाही. या खोट्याने मी फार थकलो आहे. मला माफ कर.

पाच. डाळिंबाखाली आता दोन बुधले आहेत. डावीकडचे पाणी झाडाला घालावे. उजवीकडचा मी तुझ्या लग्नाच्या आठवड्यात गाळला, न चाखता गाळलेला पहिलाच. मला पुरून आल्यावर तो उकरावा आणि पहिली वाटी नेमेसिओने घ्यावी. कसा उतरला आहे, मला माहीत नाही.

साक्षीदार: वेन्सेस्लाओ मिहांगोस (सही), आर्काडिया लोआएसा, शाळामास्तरीण, जिच्या हस्ताक्षरात हे लिहिले (सही)
तिबुर्सिओ आरेयानेस (सही)
सान इसिद्रो येगोला, रविवार, १३ नोव्हेंबर २०११

सही झाल्यावर जोडलेले: वेन्सेस्लाओ डोळे पुसत म्हणतो, “गाढवा, मेल्यावर कशाला? तो बाहेर उभाच आहे की.” पाचवे कलम रद्द समजावे. आर्काडियाबाईंनी फाटक उघडावे. फावडे भट्टीमागे आहे, मी आणतो.