आठपट कण

३ जून
संपादकाचं पत्र. माझ्या एकोणीस वर्षांपूर्वीच्या शोधनिबंधात संगणकावर घडवलेलं प्रभामंडल कुणाला पुन्हा तसं घडवता येत नाही म्हणे. आकाशगंगेला वेढणारा, न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचा तो गोळा मध्यभागी सपाट असतो, तिथे दाटी वाढत नाही – असं मी ठणकावून लिहिलं होतं. वीस तारखेपर्यंत सिद्ध करा, नाहीतर निबंध मागे घ्या. माझं सगळं नाव त्या एका निबंधावर उभं आहे!

४ जून
मूळ डेटा कधीच पुसला गेलाय. प्रोग्रॅम आहे. पण सुरुवातीला कण कसे विखुरायचे हे ज्या आकड्यावरून ठरतं, ती जागा कोरी. दुसरा आकडा टाकला तर मंडल भलतंच बनणार. आकडा मास्तर टाकायचा – माझा तेव्हाचा जोडीदार, कामातला. कुठे लिहून ठेवायचा नाही. "डोक्यात आहे की!"

७ जून
दिवसभर आमची ती संगणकाची खोली डोळ्यांपुढे. एक पडदा, दोन खुर्च्या, यंत्रासाठी सोडलेला गारठा, आणि दोघांत एक शाल. पडद्यावर कणांचे छोटे पुंजके मोठ्यात कोसळायचे, गोळा फुगायचा, आणि मास्तर ओरडायचा, "बाळसं धरलं बघ!" एकदा शेजारच्या खोलीतले धावत आले – कुणाला मूल झालं म्हणून! इतकं हसणं पुन्हा कुठल्या कामात आलं नाही.

मग तो शुक्रवार.
"कण कमी पडतायत," मास्तर म्हणाला. "एकमेकांना ढकलून मधली दाटी उसवतायत. आठपट घेऊन चालवू."
"महिना जाईल! निबंध पाठवायची मुदत आजची आहे."
"मग माझं नाव काढ."
काढलं. त्यानंतर बोलणं नाही.

१० जून
फोन केला.
"मी बोलतेय. आकडा हवाय."
"एकोणीस वर्षांनी फोन, आणि 'कसा आहेस' पण नाही!"
"कसा आहेस?"
"गुडघे गेले. कण किती घेणारेस?"
"आठपट."
मग एका दमात आकडा.

११ जून
यंत्रावर चढवलं. आता महिना नाही, सहा दिवस पुरतात.

१४ जून
गोळा बाळसं धरतोय. ओरडायला शेजारी कुणी नाही.

१७ जून
दाटी वाढतच जाते, थेट केंद्रापर्यंत. सपाट नाही! मास्तरचंच खरं होतं. निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं – चूक माझी, सही माझी एकटीची. आधी त्याला वाचायला पाठवलं.

१८ जून
मास्तरची एकच ओळ आली: "खाली माझंही नाव घाल – तेव्हा ते काढायला सांगण्यापेक्षा तुला अडवायला हवं होतं."