पहिल्या सर्व्हिसिंगचा शिक्का

बाबा,

तुमच्या त्या चेल्याचा मला हेवा वाटायचा. गोंदियाच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पुढे हेड मेकॅनिक झालेल्या तुमच्या चेल्याचा. आमगावात फाटकाजवळच्या आपल्या टिनाच्या शेडमध्ये तो सात-आठ वर्षं तुमच्या हाताखाली शिकला. त्याच वर्षांत मी वाचनालयातली कपाटं संपवत होतो आणि वक्तृत्वाच्या ढाली घरी आणत होतो. आई त्या फळीवर ओळीनं मांडायची. तुम्ही एकदा एक ढाल हातात घेऊन बघितली आणि म्हणालात, "पितळ चांगलं हाये." तेवढंच. पण त्यानं एखादा क्लच एका बैठकीत बसवला, की रात्रीच्या जेवणात घास हातातच राहायचा आणि तुम्ही आईला सांगत बसायचात, "त्याचे हात पाहाले पायजे तू. काय हात हायेत!" मी समोरच जेवत असायचो. घरात बोलणारा मी होतो, आणि कौतुक त्या न बोलणाऱ्याचं चालायचं.

तुम्ही इंजिन ऐकायचात ते मला अजून दिसतं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलेलं, मूठ कानाला लावलेली, डोळे मिटलेले. त्या वेळी कोणी हाक मारली तरी तुम्ही हात वर करून गप्प करायचात. मी शाळेत असल्यापासून त्या इंजिनांवर जळत आलोय. जयंतीच्या कार्यक्रमात माझं पहिलं मोठं भाषण झालं तेव्हा तुम्ही मंडपाच्या मागच्या खांबाला टेकून उभे होतात. समतेवर बोलताना माझा आवाज चढला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी खांबाकडे बघितलं, तर तिथे कोणी नाही. कोणाची तरी गाडी बंद पडली होती म्हणे. ती ढकलत तुम्ही शेडवर नेली होतीत.

मग दोन हजार सात साल. ज्युनियर कॉलेजातली नोकरी कायम झाली आणि मी नवी मोटरसायकल घेतली. संध्याकाळी ओट्यावर बसून मी गाडीसोबतची पुस्तिका तुम्हाला वाचून दाखवतो आहे. सुरुवातीला चाळीसच्या वर पळवायची नाही. पाचशे ते साडेसातशे किलोमीटरच्या दरम्यान पहिली मोफत सर्व्हिसिंग, तीही कंपनीच्याच सेंटरमध्ये, कूपन फाडून, पुस्तिकेवर शिक्का घेऊन. अनधिकृत मेकॅनिकनं गाडी उघडल्यास वॉरंटी रद्द. 'अनधिकृत' हा शब्द मी स्टेजवर म्हणतो तसा ठणकावून म्हटला. तुम्ही हात पुसत होतात, ते थांबलात.

"अनधिकृत म्हंजे मीच का बे?"

"कागदावर तरी तुम्हीच," मी हसून म्हणालो.

"आन् अधिकृत कोन? तो? त्याले पाना धराले कोनं शिकवलं?"

आई आतून ओरडली, "बापाले कायदा शिकवून रायला का रे? जेवाले या दोघंही!"

तुम्ही हसलात, पण उठताना गाडीला कान लावलातच. "टॅपेट टाइट हाये हिचं. कंपनीवाले असेच पाठवतेत. आयक, टिकटिक आयकू येत नाही." मला काहीच ऐकू आलं नाही. ऐकणं मला कधी जमलंच नाही, बाबा. मी फक्त बजावलं, "हात लावू नका. वॉरंटी जाईल."

साडेपाचशे किलोमीटर झाले त्या शनिवारी आपण दोघं गोंदियाला गेलो. तुम्ही धुतलेला पांढरा सदरा घातला होता. मला वाटलं, गाडीसाठी. ते चूक होतं, सदरा तुमच्या चेल्यासाठी होता. सेंटरमध्ये गिऱ्हाइकांना बसायला काचेची खोली होती आणि काचेपलीकडे तो निळ्या युनिफॉर्ममध्ये माझी गाडी घेऊन बसला होता. तुम्ही खुर्ची ओढून अगदी काचेपाशी नेलीत. त्यानं ऑइल काढलं, चेनचा ताण बघितला, प्लग काढून पुसला. अर्धा तास तुमची मान हलली नाही. माझ्या एकाही भाषणाला तुम्ही असे बसला नव्हतात. मी शेजारी वर्तमानपत्र उघडून बसलो होतो आणि एक ओळही वाचत नव्हतो.

तेवढ्यात सुपरवायझर आला. इंजिनावरच्या टॅपेटच्या झाकणाच्या बोल्टांवर कंपनीची पिवळ्या रंगाची खूण असते, ती तुटलेली होती. "सर, ये गाड़ी तो बाहर खुली है. वॉरंटी नहीं मिलेगी आपको."

मी उठलो. तुम्ही उठला नाहीत. तुमच्या चेल्यानं काचेतून एकदा तुमच्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली. मी बाहेर गेलो आणि सुपरवायझरला सुनवायला लागलो. गाडी माझ्या अंगणातून थेट इथे आली, तिला बाहेर कोणी बोट लावलेलं नाही, तुमच्या माणसानं आधी उघडली आणि आता खापर गिऱ्हाइकावर फोडता? ग्राहकाचे हक्क, कंपन्यांची मुजोरी, गरिबाच्या घामाची लूट, सगळं काढलं. हिंदीत बोललो, मराठीत बोललो. माणसं जमली. कोणीतरी "सही बोल रहे हैं सरजी" म्हणालं, तसा मी आणखी चढलो. शेवटी मी तुमच्या चेल्याकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "विचारा याला! याच्या हातात गाडी होती!"

तो उभा राहिला. हात ऑइलनं काळे. "मीच उघडलं, सर," तो सुपरवायझरला म्हणाला. "खूण पाहाची राहून गेली. माझी गलती हाये."

शिक्का मिळाला. वॉरंटी राहिली. त्याला महिनाभर गाड्या धुवायला लावलं, हेड मेकॅनिकला, सगळ्यांच्या देखत. श्रमाच्या प्रतिष्ठेवर मी तोपर्यंत किती गावांत बोललो असेन! त्या दिवशी एका श्रमिकाला मी दहा मिनिटांत झोपवलं आणि मला टाळ्या पडल्या.

परतताना तुम्ही मागे बसला होतात. मी चाळीसनं चालवत होतो. आमगाव जवळ आल्यावर तुम्ही बोललात, "खूप चांगला बोलतो तू. आज पुरा आयकलं मी." आयुष्यभर मी ज्याची वाट बघितली ते वाक्य मला त्या दिवशी, त्या आवाजात मिळालं. मी गाडी थांबवली नाही, मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या शनिवारी तुम्ही शेड बंद ठेवलीत आणि सकाळच्या पॅसेंजरनं गोंदियाला गेलात. संध्याकाळी परत आलात तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. आईनं विचारलं तर म्हणालात, "गाड्या धुत होतो, दोघं मिळून." तो महिना संपेपर्यंत तुम्ही दर शनिवारी गेलात. तुम्हाला वाटलं असेल, पोराला लाज वाटत असेल. लाज नंतर आली. आधी हेवाच वाटला. पाण्याचा पाइप धरून तुम्ही दोघं काय बोलत असाल, याचा मी वर्गात शिकवतानाही विचार करायचो. माझी गाडी मात्र तुम्ही पुन्हा कधी ऐकली नाहीत.

तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. मी कोणाला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो. सर्व्हिसिंगच्या आदल्या रविवारी मी सडक अर्जुनीच्या सभेहून परतलो, तेव्हा गाडी अंगणात होती आणि टॅपेटच्या झाकणापाशी ती जरा जास्तच स्वच्छ पुसलेली होती. गाडीवर इतकं काळजीपूर्वक फडकं फिरवणारा घरात एकच माणूस होता. किल्ली फिरवली तर इंजिनाचा आवाजही बदलला होता, तो मलासुद्धा कळला. म्हणजे काचेबाहेर बोट उगारताना मला माहीत होतं. तुम्ही आत बसलेले आहात, हेही माहीत होतं. निदान एकदा तरी तो तुमच्या डोळ्यांदेखत लहान व्हावा, एवढंच मला हवं होतं.

काल तो घरी आला होता. त्याचं स्वतःचं वर्कशॉप सुरू होत आहे, आमगावातच, आणि पाटीवर तुमचं नाव आहे. तुमचं नाव लावणारा मी, पण माझ्या डोक्यात कधी आलं नाही ते. चहा पिता पिता म्हणाला, "सर, उद्घाटनाले तुमीच बोला उस्तादबद्दल. आपल्याले काई बोलता येत नाही." त्या शनिवारबद्दल तो आजवर एक शब्द बोललेला नाही. मी हो म्हटलं.

मी चांगलाच बोलेन, बाबा. लोक रडतील. तोही रडेल. आणि हे मी त्यात म्हणणार नाही.