तिसऱ्यांदा बसू नकोस

प्रिय भिंगरी,

एकाच घरात राहून पत्र लिहितोय म्हणून हसशील. हस. दुकानाच्या मागच्या खोलीत जेवणाच्या सुट्टीत बसलोय. समोर कुठल्याशा शाळेच्या बक्षिसांच्या ढाली मांडून ठेवल्यात, सकाळपासून त्यांच्यावर नावं कोरतोय. पितळेवर अक्षर चुकलं की खोडता येत नाही, म्हणून प्रत्येक नाव मी आधी पुटपुटून घेतो. मालक म्हणतात, हाका मारतोयस की काय, येतील सगळी धावत.

तुझ्या प्रवेश परीक्षेच्या बाबतीतही माझं असंच चालतं, आणि तू वैतागतेस. पहिल्या खेपेला तुझं गणित झकास झालं आणि भाषेत तू घसरलीस. दुसऱ्या खेपेला भाषा वर आली, तर गणित खाली बसलं. परवा म्हणालीस, दादा, रविवारी तिसऱ्यांदा बसते, दोन्ही एकदम आणते, मग आपलं जवळचं कॉलेज नक्की. मी मान हलवली. पण ते कॉलेज फक्त शेवटच्या परीक्षेचे गुण धरतं. रविवारी नेमकं तुझं डोकं दुखलं, तर आधीचं सगळं पाण्यात. हे काही डोक्यातून जाईना. काल भाजी निवडताना मी देठ ठेवले आणि पानं टाकली. तू बघितलंस, पण चिडवलं नाहीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आज सकाळी त्या लांबच्या कॉलेजला फोन केला. तेच, ज्याचं माहितीपत्रक तू ‘नुसतं बघायला’ आणलंस आणि कपाटावर टाकून दिलंस. मी दहावीनंतर शाळा सोडलेला माणूस, म्हणून काय विचारायचं ते आधी लिहून काढलं. पलीकडच्या बाईंनी न कंटाळता समजावलं. त्यांच्याकडे परीक्षा कितीदाही दिलेली चालते. गणित एका वेळचं, भाषा दुसऱ्या वेळची, ज्यात जास्त मिळाले तेच घेऊन बेरीज करतात. मी तुझे गुण सांगितले. त्या म्हणाल्या, अहो, हेच आकडे घेऊन गेल्या आठवड्यात एका मुलीचा फोन आला होता. मी तिला सांगितलं, तुझं काम झालंय, दोन्ही निकाल पाठवून दे. तर म्हणते कशी, बघते, घरी दादा एकटा पडेल.

मी आभार मानून फोन ठेवला. नंतर दोन ढाली कोरल्या. दोन्ही बरोबर आल्या, कशा ते ठाऊक नाही.

तू मैत्रिणीकडे राहायला गेली होतीस, त्या रात्री मी रेडिओ सकाळपर्यंत चालू ठेवला होता. आई गेल्यापासून घरात आपण दोघंच, त्यामुळे कुणीतरी बोलत असलेलं बरं वाटतं. तू परत आलीस, रेडिओला हात लावलास आणि विचारलंस, हा एवढा तापलाय कशानं? मी म्हटलं, बातम्या ऐकत होतो. हिशेब तू तेव्हाच मांडला असशील.

शुक्रवारच्या आत निकाल पोचायला हवेत, असं बाई म्हणाल्या. दोन्ही आजच पाठव. रविवारी परीक्षेला जाऊ नकोस, आपण तुझ्यासाठी मोठी बॅग बघायला जाऊ. हे सगळं समोर बसून सांगता आलं असतं. पण तू माझ्या तोंडाकडे बघून विचारलं असतंस, माझ्याशिवाय तुझं कसं होईल? आणि तोंडावर खोटं बोलणं मला आजवर जमलेलं नाही. म्हणून लिहून देतोय. माझं अगदी नीट चालेल.

तुझाच,
दादा