तीट लावलेली गिऱ्हाइकं

चेन्नई, गुरुवार

तीर्थरूप हेरंबमामांना विद्युलताचा वाकून नमस्कार.

एखाद्या नावाशेजारी काळा ठिपका दिसला, तर ते नाव जपायचं की पुसायचं? मला याचं उत्तर देता येत नाही. मी कॉम्प्युटरची पदवीधर आहे, घरातली पहिली, आणि माझ्या निकालाचे पेढे तुम्ही मिरजेच्या अर्ध्या एसटी स्टँडला वाटलेत, म्हणून हे आधीच सांगून टाकते. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे आई ठीक आहे, बाबा ठीक आहेत. (माझ्याबद्दल पुढे वाचा.) फोनच केला असता, पण मी तोंड उघडण्याआधीच तुम्ही अभिनंदन करता, मग मला खरं सांगवत नाही.

जॉर्ज टाउनमधल्या ज्या दुकानात मी लागले तिथे ताडपत्री आणि दोरखंडाचा घाऊक व्यापार चालतो. मालक सुब्बा सर. त्यांच्या गिऱ्हाइकांची यादी फॉक्सप्रो नावाच्या जुन्या भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये आहे. ही भाषा माझ्याहून वयाने मोठी. (तिला अहो-जाहो करायला हवं होतं. केलं नाही, तिथेच चुकलं.) तिला 'ब्राउझ' म्हटलं की निळ्या पडद्यावर सगळी यादी उघडते. ब्राउझ म्हणजे चाळणं, पण हे चाळणं साधं नव्हे. चाळता चाळता हात लागेल ते बदलतं, आणि पुढच्या ओळीवर गेलात की काहीही न विचारता तो बदल कायम होतो. पहिल्याच दिवशी माझं कोपर टेकलं आणि श्रीपेरुंबुदूरच्या एका वाहतूकदाराचं नाव 'कककककक' झालं. त्याला बिलही त्याच नावाने गेलं. तेव्हाच मी ठरवलं, या दुकानाला नवा पडदा करून द्यायचा: एका वेळी एकच नाव, खाली नीट बटणं, आणि काही पुसण्याआधी दोनदा विचारणा. (ही दोनदा विचारणा लक्षात ठेवा.)

नव्या पडद्याआधी यादी स्वच्छ करावी म्हटलं. फॉक्सप्रोमध्ये नाव पुसलं तरी ते लगेच जात नाही. डाव्या बाजूला एक ठिपका पडतो आणि नाव तिथेच बसून राहतं. मग 'पॅक' असा हुकूम दिला की ठिपकेवाली सगळी नावं कायमची जातात. या यादीत तर ठिपकेच ठिपके होते. मला दुकानाची कीव आली. पुसायला काढलेली नावं वर्षानुवर्षं दारातच पडून आहेत आणि ती बाहेर टाकणारं शिकलेलं माणूस इथे कुणी नाही, असं वाटलं. कुणाला एकदाही न विचारता मी पॅक दिला. मग जबाबदार व्यक्तीने बॅकअप घ्यायला हवा म्हणून तोही घेतला. जुन्या बॅकअपवरच, म्हणजे यादीची उरलेली जुनी प्रतही गेली.

बिलं करणाऱ्या कृष्णवेणी अक्का कॉफी घेऊन आल्या आणि पडद्याकडे बघतच राहिल्या. त्यांनी विचारलं, गुम्मिडिपूंडीचा कारखाना कुठे गेला? बंदरावरचे जुने व्यापारी कुठे गेले? मी त्यांना समजावलं की त्या नावांवर ठिपका होता. त्या म्हणाल्या, "असणारच. मीच लावला. कण्णु पडक्कूडादु मा." म्हणजे नजर लागू नये म्हणून, बाळाच्या गालाला लावतो तसा. कधीतरी चुकून कळ दाबली गेली, एका नावापुढे ठिपका आला, आणि त्याच दिवशी त्या गिऱ्हाइकाची मोठी ऑर्डर आली. तेव्हापासून जे गिऱ्हाईक लाडकं, त्याला अक्कांनी तीट लावली. दुकानाची जेवढी म्हणून चांगली माणसं होती तेवढी मी नेमकी वेचून पुसली, आणि ज्यांनी कधी धड दोरी नेली नाही ते सगळे सुखरूप आहेत. 'कककककक'सुद्धा.

सुब्बा सर रागावले नाहीत, हे जास्त वाईट. त्यांनी एवढंच विचारलं, "पोच्चा?" म्हणजे, गेलं का? मी म्हटलं, "पोच्चु, सर." ऑफिसात मी बिनचूक बोललेलं हे पहिलं तमिळ. सोमवारपर्यंत यादी परत आली नाही तर मी येऊ नये, असं त्यांनी फार हळू आवाजात सांगितलं. बाबा अजून त्यांच्या कारखान्यात सगळ्यांना सांगत फिरतात की पोरगी दुकान सुधारतेय.

मामींना नमस्कार.

तुमची,
विद्युलता

ता. क. हे पत्र घेऊन आलेले महेशकाका बाबांबरोबर कारखान्यात आहेत आणि रविवारी परत निघतील. दिवाळीत मी सरांना विचारून 'माझं पहिलं काम' म्हणून तुम्हाला पेन ड्राइव्ह दिला होता. घरात कॉम्प्युटर नाही म्हणून तुम्ही तो देवघरात ठेवलात आणि त्याला कुंकू लावलंत. त्यावर मी तुम्हाला तासभर विज्ञान शिकवलं. तो तास मी मागे घेते. दिवाळीपर्यंतची सगळी यादी त्यात आहे. तेवढा पेन ड्राइव्ह काकांच्या हाती द्या. पुसू नका, धुऊ नका, पंचामृत लागलं असेल तर मला न सांगता द्या.

आणखी एक. यादी माझ्या मामांच्या देवघरात आहे हे मी सरांना सांगितलं. ऐकून ते पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसले आणि अक्कांना म्हणाले, मग काळजी नाही. नवा पडदा मी काल रात्री पूर्ण केला. त्यात ठिपका लावलेलं नाव पुसताच येत नाही.