जड स्टिअरिंग

टोकरखाडा, सिल्वासा
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय मेधावहिनींना मयूरचा नमस्कार.

तुमची जाऊबाई भक्ती उद्या नाशिकला माहेरी येतेय, तिच्याच हाती हे पत्र देतोय. फोनवर तुम्ही मध्येच एखादा प्रश्न टाकता आणि माझी बोबडी वळते. इकडे सगळे मजेत. दादा वेळेवर जेवतो आणि माझ्या फोडणीला नावं ठेवतो, म्हणजे तब्येत झकास!

आधी गाडीची बातमी. ट्रॅकवर पळवायला आम्ही भाऊ ही जुनी गाडी तयार करतोय. तिच्याच निमित्तानं दादा दिवाळीनंतर घरातून निघाला, तो इथेच राहिला. आमचं भांडण मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलवरून. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, तेवढी मोकळीक तो देतो. तो लॉक केला की दोन्ही चाकं बरोबरीनंच फिरणार. जोर पुरेपूर मिळतो, पण गाडी वळायला रुसते आणि स्टिअरिंग भयंकर जड होतं. लिमिटेड स्लिप घातला तर एकच चाक नुसतं गरगरत नाही आणि वळणावर गाडी ऐकतेही. मी लिमिटेड स्लिपच्या बाजूनं, दादा लॉकवर अडलेला. आमचा फॅब्रिकेटर झिपरू, नंदुरबारकडचा, त्याच्याच पार्टीत: "भाऊ, वेल्ड मारी देऊत, विषय खलास."

जन्म गिअरच्या कारखान्यात काढलेला माणूस असा का हटून बसलाय, मला कळेना. शेवटी सामरवरणीच्या शेडमध्ये लॉक केला, शेजारच्या एका कारखान्याच्या रिकाम्या ट्रक-यार्डात वळणांसाठी ड्रम मांडले आणि आधी मी चालवली. उतरलो तेव्हा खांदे भरून आले होते. दादा इतका खूश झाला, वहिनी! "बघ, तुझेही हात दुखले ना? गाडीच जड आहे!"

तिथे मला एकेक आठवायला लागलं. इथे आल्यापासून त्यानं स्टिअरिंगचा पंप बदलला, रॉड बदलले, टायर बदलले. दर वेळी म्हणायचा, अजून जडच आहे. मला तर ती हलकी लागायची, पण मी गप्प बसायचो. दिवाळीत तुम्ही म्हणाला होतात, हे हल्ली कप उजव्या हातानं धरतात आणि डावा खिशात ठेवतात. डॉक्टरांचं नाव काढलंत आणि तो इकडे निघून आला. आबांचं दुखणं डाव्या हातापासूनच सुरू झालं होतं. पुढे ते अंथरुणाला खिळले, ते तुम्हाला मी काय सांगायचं, आम्ही मुलगे असून आबांचं सगळं तुम्हीच केलंत. दादाला सगळ्यांनाच जड लागेल अशी गाडी हवी होती.

लॉक काढून लिमिटेड स्लिप बसवला. दादानं या वेळी वाद घातला नाही, पाने देत राहिला. गेल्या रविवारी परत यार्डात गेलो. माझ्या हातात गाडी अलगद वळली. मग तो बसला. पहिल्याच वळणावर त्याचा डावा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि ड्रम आडवा झाला. दादानं गाडी थांबवली, हेल्मेट न काढताच म्हणाला, "मयूर, गाडीत काही नाही रे. माझ्या हातातच आहे. आबांसारखं." आम्ही दोघंही रडलो. झिपरू बिचारा तो ड्रम उभा करून उगाच पुसत बसला.

दुसऱ्याच दिवशी त्याला वापीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. काल रिपोर्ट आले. वहिनी, आबांचं दुखणं नाही! मानेत शीर दबलीय, एवढंच. औषधं, व्यायाम, फार तर एक ऑपरेशन. दादानं पुन्हा पुन्हा विचारलं आणि डॉक्टरांनी न कंटाळता पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. येताना रस्त्यात थांबून त्यानं दोन दाबेल्या खाल्ल्या आणि तिसरी माझ्या हातातून घेतली. किती दिवसांनी तो असा हसला! मला तर अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटतंय.

तुम्हाला फोन लावून देतो म्हटलं, तर नको म्हणाला. "तिनं आधीच ओळखलं होतं, मी पळून आलो. तिचा आवाज ऐकला तर मला बोलताच यायचं नाही. तू लिही." म्हणून लिहिलं. तुम्ही रागावा, तुमचा हक्कच आहे, पण थोडं थांबून रागावा. भक्ती एकटी आलेली नाही. तुम्ही हे वाचताय तेव्हा दादा खाली जिन्यात उभा आहे. आधी तिला वाचू दे, मग बोलावलं तर वर येईन, म्हणाला.

त्याला हाक मारा, वहिनी.

आज निवांत झोपणारा तुमचा धाकटा दीर,
मयूर